पोट उघडं ठेवणारं चिलखत

मेकॅनिकलच्या पोरांना व्हायवात विचारायला एक मस्त प्रश्न सुचलाय. चिलखताचं काम काय? उत्तर सोपं आहे. तलवारीचा किंवा भाल्याचा घाव अंगापर्यंत येऊ न देणं, आणि आलाच तर त्याचा जोर पसरवून टाकणं. बरोबर, पाचपैकी पाच मार्क. आता पुढचा प्रश्न. छाती, पोट आणि मांड्या, म्हणजे घाव जिथे हमखास बसतो त्या सगळ्या जागा उघड्या टाकल्या आणि खांद्यावर नि मनगटावर तेवढं पोलाद चढवलं, तर त्याला काय म्हणायचं?

फॅन्टसी गेम्सच्या चित्रांत त्याला ‘फीमेल आर्मर’ म्हणतात!

जिथे छाती झाकलेली असते तिथे आणखी गंमत. पत्र्याला दोन गोल उंचवटे ठोकून काढलेले असतात. म्हणजे भाल्याचं टोक बाजूला घसरून जायच्या ऐवजी मधल्या खोलगट भागात, थेट छातीच्या हाडावर येऊन थांबणार. ज्याने हे डिझाइन केलं त्याला मशीन ड्रॉइंगमध्ये नक्की केटी लागली असती. शेजारी उभा असलेला हीरो मात्र गळ्यापासून अंगठ्यापर्यंत पोलादात बंद. लढाई एकच, राक्षस तोच, थंडी-वारा तोच. कपडे मात्र वेगळे.

हा विषय हसून सोडून देण्यासारखा आहे असं कुणी म्हणेल. पण गेल्या सेमिस्टरला आमच्या फेस्टच्या पोस्टरवरून जे महाभारत झालं ते हॉस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचा जो निकाल लागला तो मला साफ नामंजूर आहे. म्हणून हा लेख. (माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी काढल्या असतील अशी आशा.)

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी, विशेषतः स्टाफरूममधल्या वाचकांसाठी, थोडं सांगते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि वीस पैलूंचा फासा टाकून वार बसला की हुकला ते ठरतं. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना हा खेळ 2016 पासून आलेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मुळे कळला. यात बोर्ड लागत नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं. बहुतेक सगळं डोक्यात घडतं. आणि म्हणूनच पुस्तकातल्या चित्रांना एवढी किंमत आहे. नवीन आलेला खेळाडू पुस्तक चाळतो आणि चित्रं बघून ठरवतो की आपण कोण होणार. तुमच्यासारखं कुणी त्यात दिसलंच नाही तर? किंवा दिसलं, पण खांबाला बांधलेलं दिसलं तर?

आता पोस्टरचं. आमच्या ग्रुपने फेस्टमध्ये या खेळाचा एक इव्हेंट ठेवला. पोस्टरसाठी कुणीतरी नेटवरून चित्र उतरवलं. त्यात एक सरदार, एक दाढीवाला जादूगार, एक बुटका कुऱ्हाडवाला, मागे ड्रॅगन आणि पुढे वर वर्णन केलेल्या पोशाखातली बाई. दुपारपर्यंत तक्रार गेली. मग दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणाली, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, कॅम्पसमध्ये पालक येतात. दुसरी म्हणाली, फ्रीडम ऑफ एक्स्प्रेशन, तुमची नजर वाईट म्हणून चित्र का काढायचं? मेसमध्ये चार दिवस याच विषयावर जेवण थंड झालं. शेवटी तडजोड निघाली. ती बाई कापून टाकली. कॉम्प्युटरवर घाईघाईत कापल्यामुळे तलवार धरलेला तिचा हात तेवढा पोस्टरच्या कोपऱ्यात राहून गेला. चार पुरुष (ड्रॅगन धरून), आणि एक कुणाचाच नसलेला हात! आता तर नियमाचा मसुदा तयार आहे म्हणतात, की यापुढे पोस्टरवर स्त्रीचं चित्र असेल तर समितीची आधी परवानगी लागेल. पुरुषाच्या चित्राला लागणार नाही.

या चार दिवसांत एका गोष्टीवर दोन्ही पार्ट्यांचं एकमत होतं. वाद कापडाचा आहे, असं दोघांनाही वाटत होतं. किती इंच हवं, एवढाच मतभेद. मला वाटतं इथेच गणित चुकतं. चित्रात अंग किती उघडं आहे हा एक अक्ष. त्या चित्रातल्या माणसाला माणूस म्हणून जागा आहे की नाही, आणि कुणाकुणाला ती जागा मिळते, हा दुसरा अक्ष. एक्स आणि वाय. दोन्ही एकमेकांना काटकोनात आहेत. एक्स कमी केला म्हणून वाय आपोआप वाढत नाही.

या खेळाचा स्वतःचा इतिहासच बघा ना. 1976 मध्ये ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ नावाची पुरवणी निघाली. तिच्या मुखपृष्ठावर वेदीवर निजवलेली एक नग्न गोरी बाई आहे, बळी द्यायला आणलेली. 1977 च्या राक्षसांच्या पुस्तकात विवस्त्र सक्युबस आहे. आणि 1978 च्या खेळाडूंच्या पुस्तकात चित्र नव्हे, चक्क नियम होता, की स्त्री-पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुष-पात्रापेक्षा कमी. ड्रॅगन चालतो, आगीचे गोळे चालतात, मेलेला माणूस मंत्राने उठलेला चालतो, पण बाई पुरुषाएवढी बलवान म्हटली की ते ‘अनरियलिस्टिक’!

पुढे अमेरिकेत पालकांनी ओरड केली, की हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो. कंपनी घाबरली. 1989 च्या आवृत्तीत राक्षसांची नावंसुद्धा बदलली, उघडंवाघडं कमी केलं. मग स्त्रियांचा मान वाढला का? त्या काळातली मुखपृष्ठं बघितलीत तर दिसेल. बर्फाच्या डोंगरावर उघड्या मांड्यांनी उभ्या असलेल्या योद्ध्या तशाच राहिल्या. नग्नता गेली, पण बघणारा तोच राहिला. चित्र त्याच्यासाठीच काढलं जात होतं. आमच्या समितीने हे जरूर वाचावं.

त्याच पुस्तकांत आणखी एक गोष्ट होती, जिच्याबद्दल ओरड व्हायला फार वर्षं लागली. ‘ड्राउ’ नावाचे एल्फ. जमिनीखाली राहणारे, काळ्या कातडीचे आणि जातीनेच दुष्ट. गोरे एल्फ मात्र जंगलात राहणारे, सुंदर आणि शहाणे. अंगावर कपडे दोघांच्याही व्यवस्थित. ड्राउ आणि ऑर्क यांना जन्मजात दुष्ट दाखवणं चुकीचं होतं, हे कंपनीने जाहीरपणे मान्य केलं ते 2020 मध्ये, म्हणजे 40 वर्षांनी.

अमेरिकेला नावं ठेवायच्या आधी आपल्या घरातला माळा बघू. ‘अमर चित्रकथा’ कुणी वाचली नाही? 1967 मध्ये अनंत पैंनी आपल्या मुंबईतूनच सुरू केली. मी तर रामायण-महाभारत त्यातूनच, तेही इंग्लिशमध्ये, शिकले. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या मोठ्या चित्रकारांनी ती काढली, आणि त्यांच्या रेषेला मी आजही नमस्कार करते. पण एकदा सगळे अंक गादीवर पसरून बघा. राजकन्या म्हणजे गोरी, कमरेला मुठीएवढी. असुर म्हणजे काळा-तपकिरी, जाड, सुळे बाहेर आलेला. पान उघडलं की बोललेलं एक वाक्यही न वाचता कोण मरणार ते कळतं. आई-बाबांनी, शाळेने, लायब्ररीने, सगळ्यांनी पास केलेली पुस्तकं आहेत ही. अश्लील काहीही नाही. आमच्या वर्गातल्या एका सावळ्या मुलीला गॅदरिंगमध्ये तीन वर्षं लागोपाठ राक्षसीण केलं होतं, ते कुठून आलं असेल?

आणि याच्या कितीतरी आधी, साधारण पाचव्या शतकात, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात चित्रकारांनी काय केलं? पद्मपाणीच्या शेजारी एक सावळी राजस्त्री काढली. मुकुट घातलेली, देखणी. त्या भिंतींवर पुरुष कमरेवर उघडे आहेत आणि स्त्रियाही. राजा उघडा, सेवक उघडा. कातडीचे रंग गव्हाळ, सावळे, काळे, गोरे, सगळे. तिथे उघडं असणं म्हणजे कुणाची मजा बघणं नव्हे. तेव्हाचे लोक तसेच राहायचे, हवाही तशीच आहे. आमच्या ट्रॉम्बेच्या बाजूला खाडीपलीकडे एलिफंटा आहे. तिथला अर्धनारीश्वर अर्ध्या अंगाने पुरुष, अर्ध्या अंगाने स्त्री आहे. ‘इन्क्लुझिव्ह’ हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण त्याची मूर्ती लाँचच्या तिकिटात बघायला मिळते. आणि कोल्हापूरकडच्यांना कुंभोजचे 28 फुटी बाहुबली माहीतच असतील. अंगावर सूतभर कापड नाही आणि आज्या नातवंडांना घेऊन दर्शनाला जातात.

कॉन्व्हेंटमध्ये मला हे कोडं वेगळ्या बाजूने पडायचं. चॅपलमध्ये समोर क्रूसावर जवळजवळ उघडा येशू. त्याच्या बरगड्या मोजता येतील इतका. आम्ही रोज त्याच्यापुढे गुडघे टेकायचो. आणि बाहेर पडलं की सिस्टर पट्टी घेऊन आमचा स्कर्ट गुडघ्याखाली किती इंच आहे ते मोजायच्या. सिस्टर वाईट होत्या असं मी म्हणत नाही. पण त्या क्रूसाकडे बघताना ‘उघडं अंग’ असा विचार आमच्या मनात कधी आला नाही, कारण ते चित्र दुःखाविषयी होतं. अंग कशासाठी दाखवलंय हे सात वर्षांच्या मुलीलाही कळतं. समितीला का कळू नये?

दुसऱ्या पार्टीशीही माझं भांडण आहे, ते आता. फ्रीडमवाल्यांनी वादात एम. एफ. हुसेनपासून सगळे काढले. माझ्या मते या बाबतीत सगळ्यात मोठं नाव र. धों. कर्वे यांचं. गणिताचे प्राध्यापक, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. 1927 ते 1953 अशी 26 वर्षं त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, संततिनियमनावर आणि लैंगिक शिक्षणावर. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. हे मराठीत, 1927 मध्ये! त्यांच्यावर खटले झाले. 1934 मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून स्वतः डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. नोकरी तर आधीच गेली होती. अतुल पेठ्यांनी 2017 मध्ये यावर नाटक केलं, ते ज्यांना मिळेल त्यांनी बघावं. शरीराची लाज वाटू नये, यासाठी एका माणसाने सगळं आयुष्य पणाला लावलं. मला त्यांच्याबद्दल प्रचंड आदर आहे. पण त्या मासिकाची ओळख नग्न स्त्रीच्याच चित्राने झाली, ही गोष्टही खरी आहे. शरीर निर्मळ आहे असं सांगायचं, तर डोळ्यापुढे येतं ते तरुण, सडपातळ बाईचं शरीर. म्हातारीचं नाही, प्राध्यापकांचं स्वतःचं तर नाहीच नाही. एवढ्या बंडखोर माणसालाही त्या काळाची चौकट पूर्ण मोडता आली नसेल, तर नेटवरचं चित्र उतरवणाऱ्या आमच्या मित्राने ती मोडली असं मी कसं मानू?

आपल्या चेंबूरचंच बघा. आर. के. स्टुडिओ 1948 पासून इथे होता. 2017 मध्ये आग लागली, 2019 मध्ये जागा बिल्डरला गेली. 1978 चा ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ याच कंपनीचा. कथा काय, तर सौंदर्य चेहऱ्यात नसतं, आत्म्यात असतं. आणि हे सांगताना कॅमेरा अडीच-तीन तास कुठे फिरत होता ते सगळ्यांना माहीत आहे. त्या सिनेमाच्या अश्लीलतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि राज कपूर सुटले. सुटले ते बरंच झालं. सिनेमावर बंदी असू नये. पण कायद्याने गुन्हा नाही म्हणजे माझ्या दृष्टीने चित्र प्रामाणिक आहे, असं होत नाही.

कायद्याचं म्हणाल तर ते बरंचसं स्पष्ट आहे. 1954 मध्ये अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’ या चित्रावरून मुंबईत खटला झाला होता, ते निर्दोष सुटले. एवढ्या वर्षांनी मुंबईच्या कस्टम्सने पदमसी आणि सुझा यांची मिळून सात चित्रं अश्लील म्हणून अडवून ठेवली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सोडायला लावली. नग्न म्हणजे अश्लील असं सरसकट धरता येत नाही, हा त्याचा मथितार्थ. त्यामुळे समितीला नियम करायचाच असेल तर आधी हे निकाल वाचावेत. कोर्टाने जे सोडलं ते नोटीस बोर्डावर अडवायचं म्हणजे फारच झालं.

गेम्सच्या जगात मात्र हवा बदललीये, आणि ती मला आवडते. 2014 च्या खेळाडूंच्या पुस्तकात ‘माणूस’ या प्रकरणाला जे चित्र आहे ते एका काळ्या स्त्रीचं आहे, अंगभर कपड्यातलं. आणि शब्दांत लिहिलंय की तुमचं पात्र स्त्री किंवा पुरुष याच दोन खणांत बसायला हवं असं नाही. 2020 मध्ये सारा थॉम्पसन यांनी व्हीलचेअरवरच्या योद्ध्यासाठी नियम लिहिले. लोक चिडले, की जादूच्या जगात व्हीलचेअर कशाला? मला कळत नाही, उडणारा गालिचा चालतो तर चाकं का नाही चालत? आणि 2023 चा ‘बाल्डर्स गेट 3’ तर आमच्या या वादाचं जिवंत उत्तर आहे. (ग्राफिक्स कार्ड असलेला एकच मित्र आहे, त्याच्या लॅपटॉपवर आम्ही पाच जण बघतो.) त्यात नग्नता आहे, भरपूर आहे. पण पुरुषांची आहे तशी स्त्रियांची. शरीर कसं, आवाज कसा, हे वेगवेगळं निवडता येतं. आणि ज्याला बघायचं नाही त्याच्यासाठी सेटिंगमध्ये नग्नता बंद करायची सोय आहे. एक्स अक्षावर खूप पुढे, वाय अक्षावरही खूप पुढे.

उलट बाजूला पुण्याचा ‘राजी’. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओने 2020 मध्ये काढला. सर्कशीत कसरती करणारी राजी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला महाबलासुराशी लढते. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात. मी तो खेळले तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे तिचे कपडे. उड्या मारता येतील, भिंत चढता येईल असे. ती कुठे वाकली तर कॅमेरा तिच्यामागे रेंगाळत नाही. आपल्याच मातीतली पोरगी, आणि गोष्ट तिची. या खेळात नग्नता नाही, मला तिची उणीवही भासली नाही, कारण गोष्टीत तिची गरजच नव्हती.

आता कुणी विचारेल, मग त्या पोस्टरमधली बाई राहू द्यायला हवी होती का? माझं उत्तर आहे, नाही. ते चित्र वाईट होतं. पण काढायचं तर पूर्ण चित्र काढून दुसरं लावायचं. एकटीला कापायचं नाही. तिला कापून आपण सगळ्यांना सांगितलं, की तिघांना चिलखत घालून लढायला येता येतं आणि बाई मात्र असण्यामुळेच अडचण होते. त्या इव्हेंटला नाव द्यायला आलेली फर्स्ट इयरची एक मुलगी पोस्टर बघून मला म्हणाली, “ताई, हे बॉइज ओन्ली आहे का?” पुरुषाच्या चित्राला परवानगी लागत नाही आणि स्त्रीच्या चित्राला लागते, असा नियम एकदा लिहिला की पोस्टर करणारी मुलं काय करतील? सोपा रस्ता. बाई काढणारच नाहीत. सबमिशनच्या आठवड्यात परवानगीसाठी कोण फिरणार? पाच वर्षांनी भिंतीवर नुसते दाढीवाले आणि ड्रॅगन दिसतील, आणि कुणीही काहीही अश्लील केलेलं नसेल.

माझं म्हणणं, मसुदा रद्द करा. पोस्टरवर आक्षेप असेल तर चित्र करणाऱ्याला बोलवा आणि विचारा, की हिने असे कपडे का घातलेत, आणि बाकीच्यांनी का नाही घातले? ही लढायला आली आहे की दिसायला? त्याला उत्तर देता आलं तर चित्र राहू द्या, मग अंग झाकलेलं असो नाहीतर नसो. रेक्टर मॅडमनाही हे मी सांगितलंय, त्यांनी ‘बघू’ म्हटलंय.

आमच्या टेबलापुरतं आम्ही एक केलं. ईएक्सटीसीचा एक मित्र चित्रं छान काढतो. त्याला मी माहुलच्या कोळीवाड्यात घेऊन गेले. जुन्या कोळी पुरुषांचा सुरका आठवा, मागून जवळपास उघडाच. चिखलात, पाण्यात उतरणाऱ्याला तसाच सोयीचा, म्हणून आजवर कुणी त्याला अश्लील म्हटलं नाही. आणि कोळणींचं घट्ट कासोट्याचं लुगडं, पोटऱ्या उघड्या, दिवसभर टोपली घेऊन चालायला मोकळं. त्याने त्यावरून माझं पात्र काढलं. वय पन्नास, रंग काळा, दंड माझ्या मांडीएवढे, केसांत अबोली, हातात कोयता. छातीवर मगरीच्या कातड्याचं चिलखत, सपाट, उंचवटे नसलेलं. खाली लुगडं. ताकद 17, बोलण्यात 16, जादू शून्य. मागच्या शनिवारी तिने दोन ऑर्कांना आधी भाव करून दमवलं आणि मग मारलं.

पुढच्या फेस्टच्या पोस्टरसाठी हेच चित्र समितीकडे दिलंय. पोटऱ्या उघड्या आहेत, हे अर्जात लिहिलेलं आहे.